मयताचा निधी आणि वारसाची मुदत

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत घरचा कर्ता पुरुष निवर्तला, म्हणजे दशक्रिया आणि तेरावा उरकतो न उरकतो तोच कोणीतरी जाणता भाऊबंद उठतो आणि तलाठ्याकडे वारसाचा अर्ज देतो. आणि त्या एका अर्जामागे किती पिढ्यांचे व्यवहारज्ञान उभे असते, हे ज्याने गावात राहून सातबारा वाचला आहे त्यालाच नीट उमगेल. जमिनीचा हक्क प्राप्त झाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४९ वे कलम सांगते. ते कलम ज्याने कधी डोळ्यांनी पाहिले नाही असा शेतकरीही ते पाळतो, कारण फेरफाराची नोंद, हरकतीची नोटीस, मंडल अधिकाऱ्याची मंजुरी आणि बहिणींचे हक्कसोडपत्र ही सारी परिभाषा त्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेली असते. परंतु त्याच मयत इसमाने तीस तीस वर्षे दरमहा पगारातून कापून दिलेला जो भविष्य निर्वाह निधी सरकारच्या दप्तरी त्याच्या नावावर जमा असतो, त्याची मागणी कोणी करावयाची, कोणत्या कचेरीत करावयाची आणि किती मुदतीत करावयाची, असे विचारले असता तोच जाणता भाऊबंद निरुत्तर होतो. अर्ध्या एकराच्या बांधासाठी दिवाणी न्यायालयापर्यंत जाण्याची ज्यांची तयारी असते, त्यांच्याच घरांत चार-पाच लाखांचा निधी वर्षानुवर्षे विस्मृतीत पडून राहतो. या विस्मृतीचा सर्व दोष वारसांच्या माथी मारण्याची जी प्रथा पडली आहे ती अन्यायाची आहे, आणि ती मोडली पाहिजे, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहे.

हे दोन तालुके केवळ शेतीवर जगणारे आहेत, हा समज आता खरा राहिलेला नाही. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावच्या दत्तात्रयनगरचा भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांत कायम आणि हंगामी कामगारांच्या दोन पिढ्या खपल्या; दूध संघ, पतसंस्था, शीतगृहे आणि खाजगी शिक्षणसंस्था यांतून कित्येकांना पगाराची नोकरी मिळाली; चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारी आमची तरुण मुले मंचर, कळंब आणि नारायणगावाहून पहाटेच्या गाडीने निघतात. आणि त्याही आधीपासून, पावसावरच्या भातखाचरांनी ज्यांचे पोट भरले नाही अशी पश्चिम पट्ट्यातली हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बाजारपेठांत आणि कारखान्यांत गेली. यांपैकी कापडगिरण्या तर १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला तेव्हा ज्या पहिल्या सहा उद्योगांना तो लागू करण्यात आला त्यांतल्याच एक होत. म्हणजे आमच्या भागाचा आणि या निधीचा संबंध सत्तर वर्षांहून अधिक जुना आहे. तरीही सातबाऱ्याविषयी आमच्या घरांत जे शहाणपण पिढीजात झाले, ते या निधीविषयी झाले नाही. जमीन डोळ्यांसमोर असते, निधी दूर वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या कचेरीत असतो. आणि नोकरी करणारा मनुष्य आपल्या पगाराची कपात घरी क्वचितच समजावून सांगतो.

मंचरच्या बाजारपेठेत एका परिचिताच्या दुकानात बसलो असता पश्चिमेकडच्या एका गावची साठीपलीकडची बाई कागद दाखवावयास आली होती. ‘दादा, एवढं बघा ना जरा, हे कामाचं हाय का टाकून द्यायचं?’ एवढेच तिचे विचारणे. शिधापत्रिकेच्या घडीत जपून ठेवलेली ती एक वार्षिक हिशेबाची चिठ्ठी होती. शाई पुसट झालेली, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग, आणि वरच्या ओळीत खाते क्रमांकापूर्वी मुंबई विभागाची अक्षरे. नवरा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होता, नोकरीत असतानाच गेला, पुढे कारखानाही बंद पडला. ‘कंपनीच बुडाली, तर पैसं कुठलं राहत्यात?’ अशी तिची आणि तिच्या मुलांची ठाम समजूत, आणि त्या समजुतीवर दहा वर्षांहून अधिक काळ गेलेला. चिठ्ठीवर वारस म्हणून तिचे जे नाव होते ते माहेरचे, आधारपत्रावर सासरचे. कंपनी बुडाली तरी निधी बुडत नाही, कारण तो कंपनीच्या तिजोरीत नसून केंद्रीय विश्वस्त मंडळाच्या ताब्यात असतो. आणि मालकाची सही मिळण्याजोगी नसेल तर गावचा सरपंच, पोस्टमास्तर, बँकेचा व्यवस्थापक किंवा राजपत्रित अधिकारी यांपैकी कोणीही मागणीअर्ज साक्षांकित करू शकतो, ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत तिला कोणीही सांगितली नव्हती.

या ठिकाणी कायद्याचे घड्याळ कसे चालते हे सांगणे अवश्य आहे. सभासदाच्या मृत्यूनंतर तीन वर्षे, म्हणजे छत्तीस महिने, निधीची मागणी झाली नाही, तर १९५२ च्या योजनेच्या ७२ व्या परिच्छेदाप्रमाणे ते खाते निष्क्रिय ठरते आणि त्यावरील व्याज बंद होते. वारसाने पैसे काढलेच पाहिजेत असा हुकूम या योजनेत कोठेही नाही. पण मुदत उलटल्यावर व्याज थांबवणे ही निमूटपणे केलेली सक्तीच होय. चार लाखांच्या शिलकीवर सव्वाआठ टक्क्यांनी, म्हणजे अलीकडच्या वर्षांत जाहीर झालेल्या दराने, पहिल्याच वर्षी तेहतीस हजार रुपये होतात. ज्या विधवेला आपला निधी आहे हेच ठाऊक नाही, ती दहा वर्षांनी जागी झाली तर मधल्या सात वर्षांचे हे उत्पन्न तिच्या हातून गेलेले असते, आणि ते कोणाच्या अपराधामुळे गेले हे तिला कळतही नाही.

१ एप्रिल २०११ पासून तर निष्क्रिय खात्यांचे व्याज सरसकट बंद करण्यात आले होते. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरात निष्क्रियतेची व्याख्या बदलून नोकरी सोडलेल्या पण निवृत्तीच्या वयास न पोचलेल्या सभासदांना व्याज पुन्हा मिळू लागले. ही सुधारणा इष्टच होती. पण तिचा लाभ जिवंत सभासदाला झाला. मृत सभासदाच्या वारसांवरचे छत्तीस महिन्यांचे बंधन जेथल्या तेथे राहिले. जो स्वतः चौकशी करू शकतो त्याला सवलत आणि ज्याच्या वतीने चौकशी करणारे कोणी उरलेले नाही त्याला मुदत, हा क्रम उलटा आहे. निष्क्रिय खात्यांत पडून असलेली रक्कम २०१८-१९ मध्ये सुमारे १,६३८ कोटी रुपये होती, ती २०२३-२४ मध्ये सुमारे ८,५०५ कोटींवर गेली, आणि अशा खात्यांची संख्या साडेएकवीस लाखांच्या घरात पोचली, असे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. यांतली किती खाती मयतांची आहेत याचा वेगळा हिशेब लोकांपुढे ठेवला गेला, तर प्रश्नाचे खरे गांभीर्य कळेल.

अल्पबचतीचे नियम याहून निराळे आहेत आणि तेही आपापसांत सारखे नाहीत. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाला ते खाते पुढे चालू ठेवता येत नाही, ते बंदच करावे लागते. मात्र पैसे हाती पडण्याच्या आधीच्या महिन्याअखेरपर्यंत व्याज मिळते, आणि हा नियम मला न्याय्य वाटतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मात्र एप्रिल २०२३ पासून ठेवीवर ८.२ टक्के व्याज असले तरी खातेदाराच्या मृत्यूच्या दिवसापासून डाकघराच्या साध्या बचत खात्याचा, म्हणजे चार टक्क्यांचा दर लागू होतो. पती किंवा पत्नी हीच संयुक्त खातेदार किंवा एकमेव वारसनियुक्त असेल तरच ते खाते पूर्वीच्या दराने चालू राहू शकते. घोडेगावच्या डाकघरात नवऱ्याच्या नावे ठेव ठेवून स्वस्थ बसलेल्या किती वृद्ध स्त्रियांना हा भेद ठाऊक असेल? एक सोय मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे, ती अशी की, अल्पबचतीच्या खात्यावर वारसनियुक्ती नसली तरी पाच लाखांपर्यंतची रक्कम मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्र घेऊन, न्यायालयाच्या वारसा प्रमाणपत्राशिवाय देता येते. वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यापूर्वी ही गोष्ट डाकघरात विचारून घ्यावी.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हाच प्रश्न अगदी वेगळ्या रूपात भेटतो, आणि त्याचा येथे उल्लेख करण्याचे कारण आहे. अमेरिकेत निवृत्तीखात्यातला पैसा कर न भरता साठलेला असतो. तो पिढ्यान्पिढ्या तसाच राहू नये म्हणून तेथील संसदेने २०१९ च्या डिसेंबरात कायदा करून असे ठरविले की, १ जानेवारी २०२० किंवा त्यानंतर मृत्यू झालेल्या खातेदाराच्या बहुतेक वारसांनी दहा वर्षांच्या आत ते खाते रिकामे केले पाहिजे. पत्नी किंवा पती, खातेदाराची अज्ञान मुले, अपंग आणि दीर्घ व्याधीने ग्रासलेले वारस, तसेच खातेदाराहून दहा वर्षांपेक्षा अधिक लहान नसलेले वारस यांना त्यातून सूट आहे. मूळ खातेदार सक्तीच्या पैसे काढण्याच्या वयास आधीच पोचला असेल तर त्या दहा वर्षांतही दर वर्षी काही हिस्सा काढावा लागतो, आणि न काढल्यास तुटीच्या पंचवीस टक्के दंड होतो. हे नियम इतके क्लिष्ट झाले की, त्यांचे अंतिम स्वरूप २०२४ च्या जुलैत निघेपर्यंत २०२१ ते २०२४ या वर्षांचा दंड तेथील करखात्याला माफ करावा लागला. म्हणजे नियमच नीट कळत नसताना नागरिकाला शिक्षा करू नये, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्याकडे या पैशावर वारसाकडून कर घ्यावयाचा नाही. मृत्युकरही १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. तेव्हा कर वसूल करण्यासाठी मुदत घालणे हा जो अमेरिकेतला हेतू, तो येथे संभवतच नाही. मग व्याज तोडण्याचे प्रयोजन काय? वारसाने लवकर यावे, एवढेच असेल, तर त्याला लवकर बोलावणे हे निधीचे काम आहे.

निधीच्या शिलकीपेक्षाही जे अधिक वेळा हातचे जाते त्याची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगतो. नोकरीत असताना सभासद मृत्यू पावला, तर त्याच्या कुटुंबाला तीन वेगळ्या गोष्टी मिळावयाच्या असतात. पहिली निधीची शिल्लक. दुसरी, १९७६ पासून चालू असलेल्या ठेवसंलग्न विमा योजनेची रक्कम. हिचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, तो केवळ मालक भरतो, आणि म्हणूनच कामगाराला तिची माहितीच नसते. बारा महिने सलग नोकरी झालेली असेल तर ही रक्कम किमान अडीच लाख आणि अधिकात अधिक सात लाख रुपये असते. तिसरी गोष्ट म्हणजे १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या योजनेखालचे विधवेचे निवृत्तिवेतन. नोकरीतील मृत्यूला दहा वर्षांच्या सेवेची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. ते मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय होते आणि पंचवीस वर्षांखालील दोन मुलांना प्रत्येकी विधवेच्या वेतनाच्या एक चतुर्थांश इतके आणखी मिळते. हे वेतन किमान एक हजार रुपये आहे. ही रक्कम लाजिरवाणी लहान आहे आणि २०१४ पासून ती वाढलेली नाही, हे खरे; पण आहुपे किंवा पाटणच्या खोऱ्यात हिरडा वेचून आणि रोजगार हमीवर जाऊन दिवस काढणाऱ्या बाईला दरमहा नेमाने येणारे हजार रुपये म्हणजे महिन्याचे तेल, मीठ आणि औषध होय, आणि मृत्यूपासूनची थकबाकी एकदम मिळाली तर ती एका मुलीच्या शिक्षणाची सोय होते.

चाकणच्या ठेकेदारी कामगारांची स्थिती याहून बिकट आहे. चार वर्षांत तीन ठेकेदार बदलतात, प्रत्येक वेळी नवे खाते निघते, आणि २०१४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेला जो एकच कायम क्रमांक सर्व खात्यांना जोडावयाचा, तो बहुधा मुलाच्या मोबाइलमध्ये असतो. मुलगा महामार्गावर अपघातात गेला की मोबाइलही गेला आणि क्रमांकही गेला. ज्या आईबापांना मुलाने कोठे काम केले हे नीट सांगता येत नाही, ते संगणकावर वारसनियुक्ती केली होती काय याचे उत्तर कसे देणार?

वारसनियुक्ती हा विषयही लोकांना नीट उमगलेला नाही, आणि याबाबत न्यायालयांनीच वारंवार खुलासा केला आहे. विम्याच्या पॉलिसीवर ज्याचे नाव लिहिले तो पैसे स्वीकारणारा हात आहे, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवींच्या खटल्यात १९८३ च्या डिसेंबरात, तेव्हाच्या विमा कायद्यावरून, सांगितले. आणि घराघरांत पोचलेल्या कालनिर्णयाचे जनक जयंतराव साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या समभागांवरून व म्युच्युअल फंडांवरून जो वाद झाला त्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समभागांनाही हाच न्याय लावला. भविष्य निर्वाह निधीचा मात्र स्वतःचा असा वेगळा बाज आहे. सभासदाला कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरच्या माणसाच्या नावे केलेली नियुक्ती निरर्थक ठरते. अविवाहितपणी भलत्याच्या नावे केलेली नियुक्ती लग्न होताच आपोआप रद्द होते. नियुक्ती नसेल तर कुटुंबातील माणसांना समान वाटा मिळतो, पण सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुली यांना, इतर कोणी कुटुंबीय असताना, वाटा मिळत नाही. आमच्या समाजात घरचा मोठा मुलगा वारस म्हणून सर्वत्र पुढे होतो आणि आई मागे उभी राहते. कायद्याने येथे आईला पुढे केले आहे, आणि ज्याने कोणी ही तरतूद लिहिली त्याने विधवेची अडचण ओळखली होती असे मी मानतो. दोन विधवा असतील तर निवृत्तिवेतन जिचे लग्न आधी झाले तिला मिळते आणि तिच्या पश्चात दुसरीला, हेही येथे सांगून ठेवतो, कारण या कारणावरून दोन्ही घरे अर्जच करीत नाहीत असे दिसून येते.

भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याच्या दहाव्या कलमात आणखी एक संरक्षण आहे, आणि ते आमच्या भागात मोठ्याने सांगावयास हवे. वारसनियुक्ताला मिळणारी निधीची रक्कम मयताच्या कर्जातून मुक्त असते. सोसायटीचे पीककर्ज, पतसंस्थेचा तगादा, हातउसने घेतलेले सावकाराचे पैसे यांपैकी कशासाठीही ती रक्कम जप्त करता येत नाही. ‘निधीचे पैसे आले की आधी आमची बाकी द्या’ असे दारात येऊन बजावणाऱ्यास हे कलम दाखवावे.

ठेवीची माहिती वारसापर्यंत पोचण्याच्या संदर्भात जुन्नरच्या लेण्यांतील लेखांची आठवण होते. पहिल्या-दुसऱ्या शतकांत या गावात बुरुडांची श्रेणी होती, कासारांची श्रेणी होती, आणि या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून दिल्याच्या नोंदी तेथील पाषाणावर कोरलेल्या आहेत. नाशिकच्या लेण्यांत तर विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या रकमेवर दरमहा शेकडा किती व्याज यावे याचा आकडाही सापडतो. ठेव देणारा मरणार, घेणारेही मरणार, पण ठेव कोणाकडे आहे आणि तिचे फळ कोणाला मिळावयाचे हे येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावे, म्हणून ते उघड्या भिंतीवर लिहिले गेले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना जे सुचले ते आजच्या निधीकचेरीला सुचू नये, याचे वाईट वाटते. कामगाराच्या नावावर किती शिल्लक आहे हे कोणालाही दिसावे असे मी म्हणत नाही. पण अमुक गावच्या अमुक इसमाचा निधी मागणीविना पडून आहे, एवढी नाममात्र यादी त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागण्यास कोणती अडचण आहे?

माहितीचा अभाव ही सबबही आता उरलेली नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली, आणि तिने देशभरच्या मृत्युनोंदींचा एक राष्ट्रीय संग्रह उभारण्याची व तो इतर खात्यांना उपलब्ध करून देण्याची तरतूद केली. दुसऱ्या बाजूस निधीच्या चालू खात्यांना आधारक्रमांक जोडलेला आहे. मृत्यूची नोंद एकीकडे आणि खात्याची नोंद दुसरीकडे, अशा दोन वह्या सरकारच्याच ताब्यात असताना त्यांची परस्पर रुजुवात घालून वारसाला मराठीत, नोंदणीकृत टपालाने, ‘आपल्या मयत पतीच्या नावे निधी आहे, विमा आहे, निवृत्तिवेतन आहे; अर्जाचा नमुना सोबत जोडला आहे’ असे पत्र पाठविणे हे निधीचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिले गेले पाहिजे; आणि असे पत्र पोचल्याचा पुरावा असल्याशिवाय छत्तीस महिन्यांची मुदत सुरूच होऊ नये. जुन्या खात्यांबाबत पत्ता सापडणे कठीण जाईल हे मला मान्य आहे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथला पत्ता नोकरीच्या नोंदीत देणाऱ्या माणसाच्या घरी आज टपाल कसे पोचावे? पण तलाठ्याला, ग्रामसेवकाला किंवा पोलीसपाटलाला विचारले तर कोणते घर कोठे उठून गेले हे तो पाच मिनिटांत सांगतो. अशा जुन्या खात्यांसाठी निधीने गावोगाव विचारपूस करावी. वारसाने कचेऱ्या पालथ्या घालाव्यात ही अपेक्षा ठेवू नये.

दर महिन्याच्या २७ तारखेस जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ या नावाने शिबिर भरते, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु जुन्नरहून पुणे नव्वद किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्यास आधी जुन्नरला किंवा घोडेगावला उतरण्यातच अर्धा दिवस जातो. हे शिबिर वर्षातून निदान चार वेळा मंचर, घोडेगाव, नारायणगाव आणि जुन्नर येथे आळीपाळीने भरवावे. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे, तिने पश्चिमेकडील गावांतील माणसे तेथे आणण्याची व्यवस्था करावी. साखर कारखान्यांनी आपल्या मयत कामगारांच्या खात्यांचा आढावा वार्षिक सभेच्या अहवालात छापावा. उसाच्या भावाचा, उताऱ्याचा आणि कर्जाचा हिशेब सभासदांपुढे मांडणाऱ्या सहकारी संस्थेला मयत कामगाराच्या विधवेचे काय झाले हे सांगणे जड जाऊ नये.

हे सारे होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या घरात, भावकीत किंवा वाडीत कोणी पगाराची नोकरी करीत असताना निवर्तला असेल, मग तो मुंबईस असो, चाकणला असो की कारखान्यावर असो, तर त्याची जुनी वेतनचिठ्ठी, निधीची वार्षिक चिठ्ठी किंवा मोबाइलमधला क्रमांक शोधून काढावा. मृत्यूचा दाखला, आधारपत्र, बँकेचे पासबुक आणि नावातील फरक असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. आणि निधीसाठी नमुना २०, निवृत्तिवेतनासाठी नमुना १०-डी व विम्यासाठी नमुना ५-आयएफ, किंवा या तिघांचा मिळून असलेला एकत्रित अर्ज, पुण्याच्या वा वांद्र्याच्या कचेरीत दाखल करावा. अर्जाला शुल्क नाही, मध्यस्थाची गरज नाही. तीन वर्षे उलटून गेली असली तरी व्याज तेवढे थांबते, मुद्दल बुडत नाही. ते मागण्याचा विधवेचा आणि तिच्या मुलांचा हक्क तेवढ्याने जात नाही, म्हणून उशीर झाला या संकोचाने कोणीही घरी बसू नये.